वडगावात जुन्या घराला एसी लावतोय, आऊटडोअर बोळात बसवू की गच्चीवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढं जुनं कौलारू घर, मागच्या अंगाला नवीन बांधलेली स्लॅबची एक खोली, तिला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. फिटर म्हणतो, शेजारचं घर आणि तुमचं घर यांच्यामधल्या अडीच फुटी बोळात ब्रॅकेटवर आऊटडोअर टांगू, पाइप कमी लागेल. भाऊ म्हणतो बोळच बरा, गच्चीवर उन्हानं खराब होईल. वडील म्हणतात गच्चीवरच घ्या, पावसाळ्यात वरून ताडपत्री घालू.

वडिलांचं ऐका. ताडपत्री तेवढी सोडून.

मी बेळगावातच फ्रिज-एसीचं काम करतो. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो. आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी बोळातच मशीन टांगून मग मला फोन करतं.

आऊटडोअरचं काम एकच, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणं. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीतून ओढली जाते. कॉम्प्रेसर जी दीडेक किलोवॅट वीज खातो तीही शेवटी उष्णताच होऊन तिथूनच बाहेर पडते. एसी पूर्ण जोरात असताना एकूण साडेसहा किलोवॅटच्या वर झाले. घरातला गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे तीन गिझर त्या बोळात दुपारभर चालू ठेवल्यासारखं आहे.

आता बोळाचं माप बघा. अडीच फूट म्हणजे 75 सेंटिमीटर. आऊटडोअरची जाडी 30 च्या घरात, मागं हवा ओढायला 10 ते 15 सोडायलाच हवेत. पुढं राहिले तीसेक सेंटिमीटर, आणि समोर शेजाऱ्याची भिंत. पंख्यातून निघालेली गरम हवा त्या भिंतीवर आपटते आणि फिरून मागून आत ओढली जाते. एसीचा जो टन कंपनी छापते तो बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेला असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये सावलीत 36-37 होतंच, त्यात मशीन स्वतःचीच गरम हवा पीत बसलं तर 35 चा हिशेब कुठला राहायचा?

खासबागेत एका घरी अशाच बोळात आऊटडोअर होतं. दर उन्हाळ्यात दुपारी थंड करायचं थांबायचं, मग कुणीतरी येऊन ‘गॅस कमी झालाय’ म्हणून थोडा गॅस मारून, पैसे घेऊन जायचा. मी दुपारी तीनच्या सुमारास गेलो आणि आऊटडोअरच्या मागं, जिथून ते हवा आत घेतं तिथं, थर्मामीटर धरला. पारा 50 च्या वर. गॅस काढून वजन केलं तर नेमप्लेटवर लिहिल्यापेक्षा जास्त निघाला. मशीनची काहीच तक्रार नव्हती. गच्चीवर हलवलं, गॅस वजनानं भरला आणि प्रश्न मिटला. मेकॅनिक नुसतं गेज (गॅसचा दाब दाखवणारं मीटर) लावून ‘गॅस कमी आहे’ म्हणाला तर इन्व्हर्टर एसीत ते लगेच मान्य करू नका. कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशर बदलतं. गॅस किती हवा ते नेमप्लेटवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, तो काट्यावर तोलूनच भरायचा.

वडगावात आणखी एक भानगड आहे, मागांची. तुमच्या गल्लीत पॉवरलूम असतील तर सुताची कीस हवेत असतेच, आणि बोळात ती साचते. आऊटडोअरच्या मागच्या पातळ पत्र्यांवर तिचा गोधडीसारखा थर बसतो. बोळात हात जात नाही म्हणून कुणी धूत नाही. शिवाय शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडत असेल तर ते भांडण वेगळं.

आता भिंतीबद्दल. मागच्या खोलीची भिंत कशाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे जुन्या घराची भिंत तशीच ठेवून वर स्लॅब टाकायची पद्धत आहे. आतून जांभा किंवा मातीतलं बांधकाम, बाहेरून सिमेंटचा गिलावा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पक्की भिंत. ड्रिल लावल्यावर कळतं. पहिला अर्धा-पाऊण इंच करकरतं, राखाडी भुकटी पडते, मग ड्रिल एकदम सैल आत जातं आणि लाल भुकटी पडायला लागते. तिथंच थांबायचं. त्या लाल भुकटीत अँकर फास्टनर (भोकात फुलून भिंत धरणारा बोल्ट) फुलतो खरा, पण धरत काहीच नाही. तीस किलोचं थरथरणारं ओझं वर्षभर टांगलं की भोक मोठं होत जातं. अशा भिंतीवर टांगायचंच झालं तर बोल्ट भिंतीच्या आरपार काढून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन नट आवळावा लागतो. फिटर ‘काय होत नाही हो’ म्हणाला तर ब्रॅकेटवर स्वतः उभं राहून दाखव म्हणा.

गच्चीवर कसं बसवायचं ते सांगतो, कारण तिथंही लोक घोळ घालतात.

स्लॅबला भोकं पाडायची नाहीत. उन्हाळ्यात बसवताना काही वाटत नाही, आषाढात त्याच भोकांतून खोलीत पाणी टपकतं. लोखंडी स्टँड घ्या, तो सिमेंटच्या जड ठोकळ्यांवर बोल्टनं आवळा, ठोकळ्यांखाली रबर घाला. ठोकळे हलके नकोत, वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडतात तिथं स्टँड कलंडायला वेळ लागत नाही. जमिनीपासून फूटभर उंच ठेवा, कारण गच्चीचं पन्हाळ पाल्यापाचोळ्यानं तुंबलं की पाणी चार बोटं उभं राहतं.

तोंड कुठं करायचं? आपल्याकडे पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पंख्याचं तोंड तिकडं केलं तर पंखा वाऱ्याशी झगडत राहतो आणि पाऊस सरळ आत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. कठड्याकडे तोंड करून चिकटवू नका, मग बोळ आणि गच्ची सारखेच. पाठ कठड्याकडे, मध्ये फूटभर अंतर, पुढं मोकळं.

भावाच्या उन्हाच्या शंकेला उत्तर: साडेसहा किलोवॅट बाहेर टाकणाऱ्या मशीनला डब्यावर पडणारं ऊन हा किरकोळ बोजा आहे. हवा खेळती असेल तर उन्हातलं मशीन बोळातल्या सावलीतल्या मशीनपेक्षा बरं चालतं. सावली करायचीच असेल तर वर दोनेक फूट जागा सोडून पत्रा टाका, चारही बाजू उघड्या. ऊन खरं खातं ते पाइपावरच्या फोमला आणि टेपला. दोनतीन वर्षांत टेपच्या चिंध्या होतात, फोम गळून पडतो. म्हणून गच्चीवरचा पाइप पीव्हीसी पट्टीत झाकून घ्या. जाड आणि बारीक, दोन्ही नळ्यांना वेगवेगळा फोम हवा. बहुतेक स्प्लिटमध्ये बारीक नळीही थंड असते, दोन्ही एकाच फोममध्ये कोंबल्या तर गारवा वाटेतच वाया जातो.

गच्चीवर आऊटडोअर घेताना एक गोष्ट हमखास चुकते, आणि तुमच्या फिटरला ती आधीच सांगून ठेवा. इनडोअरचं पाणी उताराने खालीच जाणार. सवयीनं पोरं ड्रेनची नळी कॉपरच्या जुडग्यालाच टेपनं गुंडाळतात आणि सगळं मिळून वर नेतात. पाणी वर चढत नाही, ते भिंतीवरून टीव्हीवर येतं. ड्रेन वेगळा काढा, उतार देऊन खाली बोळात सोडा. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं. नळ्या आणि वायर गच्चीवरून उतरून भोकात शिरायच्या आधी खाली झोका घेऊन वळवायच्या, म्हणजे त्यांच्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी भोकाबाहेरच टपकेल.

पाइप जास्त लागेल ही फिटरची काळजी फुकाची आहे. खोलीच्या बरोबर वर गच्ची म्हणजे तीन ते पाच मीटरमध्ये काम होतं. मशीनसोबत साधारण तीन मीटर नळी येते, वरचं कॉपर विकत घ्यावं लागेल एवढंच. किती मीटरपर्यंत जादा गॅस लागत नाही हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यापुढं मीटरमागे काही ग्रॅम.

नटानं जोडण्यासाठी नळीचं तोंड फुलवताना मात्र जवळ उभे राहा. कॉपर कापल्यावर आतल्या कडेला बारीक कोर राहते, ती रीमरनं काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, नाहीतर कीस आत पडून कॉम्प्रेसरकडे जातो. फुललेली कड एकसारखी रुंद, गुळगुळीत, चरा नसलेली हवी. चरा दिसला तर कापून पुन्हा करायला लावा, नट जास्त आवळून तो भागत नाही. उलट जास्त आवळला की कॉपर चिरतं. गॅस सोडल्यावर प्रत्येक नटाला साबणाचा फेस लावून बघायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिटर घरात शिरताना त्याच्याकडे व्हॅक्यूम पंप (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा) आहे का ते बघा. नसेल तर चहा पाजून परत पाठवा. खूप जण नळ्या जोडतात, आऊटडोअरमधला थोडा गॅस सोडून ‘हवा मारली’ म्हणतात आणि पाच मिनिटांत मोकळे. त्यानं हवा पुरती जात नाही, आणि नळीच्या आतली ओल तर मुळीच जात नाही. ती ओल आजच्या एसीतल्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं, ते हळूहळू कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. एसी पहिला उन्हाळा मस्त चालतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. शिवाय नव्या मशीनमध्ये बहुधा आर-32 गॅस असतो, तो थोडाफार पेट घेणारा आहे. बंद खोलीत सोडत बसायची वस्तू नाही.

पंप कमीत कमी वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास चालवायचा. मग व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. चढला तर कुठंतरी लीक आहे किंवा आत ओल आहे. इथं एक बेळगावी बारकावा आहे. गेजवर व्हॅक्यूमचा आकडा 30 इंचांपर्यंत छापलेला असतो, आणि काही मालक व्हिडिओ बघून विचारतात, काटा 30 ला का जात नाही? आपण समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहोत. इथं हवेचाच दाब साडेसत्तावीस इंचांच्या आसपास, तर काटा 27 च्या थोडा पुढं जाऊन थांबणार. त्यात पंपाचा दोष नाही. ज्याच्याकडे मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम बारकाईनं मोजणारं मीटर) आहे त्याला 500 मायक्रॉनच्या खाली आणून दाखवायला सांगा.

विजेचं थोडक्यात: मीटर बोर्डावरून स्वतंत्र वायर, चार चौरस मिलिमीटरची, 20 अँपिअरचा एमसीबी, आणि चालू अर्थिंग. जुन्या घरात अर्थिंगची वायर असते पण ती कुठं पोचलेली नसते, ते मीटर लावून तपासून घ्या. मंजूर लोड कमी असेल तर वाढवून घ्या.

राहिली ताडपत्री. आऊटडोअर पावसात भिजण्यासाठीच बनवलेलं असतं. ताडपत्रीनं आवळून बांधलं की आत वाफ कोंडते, पत्रा गंजतो, आणि उंदरांना ऊबदार घर मिळतं, चावायला वायर मिळते ती वेगळीच. खानापूरकडच्या पावसातही मी कुणाला गुंडाळायला सांगत नाही. फार वाटलं तर फक्त वरच्या डोक्यावर एक फळी ठेवा आणि दगड ठेवा. वायर आणि नळ्या जिथून शिरतात ती भोकं पुट्टीनं बुजवा.

आपल्याकडे जून ते फेब्रुवारी एसी बहुधा बंदच असतो, तेव्हा एमसीबी पाडून ठेवा. मार्चमध्ये चालू करायच्या आधी फिटरकडून बाजूचं झाकण काढून आतलं सर्किट बघून घ्या. पाल तिथं हटकून शिरते, आणि चिकटून बसलेल्या पालीसकट एमसीबी वर केला की सर्किट जळतं. ते वॉरंटीत बसतं की नाही यावर मग दुकानदाराशी वाद घालत बसावं लागतं.