पोह्यांवरची शेव आणि 6.1चा रिपोर्ट

प्रश्न : वय 44, वजन 80 किलो, दिवसभर दुकानात बसून काम. उपाशीपोटी साखर 112, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) 6.1. आईला मधुमेह आहे. मलाही झाला असं समजायचं का? साखर सोडून गूळ सुरू केलाय. शिवाय 9 वर्षांच्या पुतण्याला टाइप 1 निघाला. घरचे म्हणतात, फार गोड खायचा म्हणून.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी पुतण्याचं, कारण त्या लेकरावर उगाच आळ येतोय. टाइप 1मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, पथ्याने टळत नाही. कुणी काढा सुचवला म्हणून त्याचं इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका, जिवावर बेतेल.

तुमची गोष्ट टाइप 2च्या वाटेवरची. इन्सुलिन बनतंय, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. 126 किंवा 6.5पासून मधुमेह. अंगात लोह कमी असेल तर एचबीए1सी उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

गुळाने काही साधत नाही, रक्तात त्याचीही साखरच होते. पोहे मात्र सोडायला नकोत. कोरडे पोहे माणशी 40 ग्रॅम, एकदा काट्यावर मोजून वाटी ठरवून ठेवा. त्यात तेवढेच मोड आलेले मूग वाफवून घाला, वर मूठभर शेंगदाणे. इंदुरी हाताने पडते तेवढी शेव नको, एक चमचा पुरे. जिलबी सणावारी. दुकान वाढवून रात्री सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाऊन थेट अंथरुणात शिरणं सर्वांत वाईट.

प्रत्येक जेवणानंतर 15 मिनिटं चाला. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, म्हणून हे चालणं जेवणानंतरच. अमेरिकेतल्या 2002च्या मोठ्या चाचणीत 7 टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या गटात सुमारे 3 वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी राहिलं. तुमच्यासाठी 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो. ते सहा महिन्यांत उतरवा, उपास करून नव्हे.

कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या आत हवी. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये एचबीए1सी पुन्हा करा. आकडा चढलाच तर औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला.