वाचकांचे प्रश्न : मॉर्टन फ्रॉस्ट यांचे मोठेपण कशाने मोजावे?

प्रश्न : डेन्मार्कचे मॉर्टन फ्रॉस्ट यांची गणना बॅडमिंटनच्या थोर एकेरी खेळाडूंमध्ये होते. परंतु त्यांना जागतिक अजिंक्यपद कधी मिळाले नाही आणि ऑलिंपिक पदकही नाही. मग त्यांना इतके मोठे का मानले जाते?

उत्तर : केवळ पदकांची यादी पाहिली, तर आपली शंका रास्त आहे. मात्र ती यादी कोणत्या काळातली आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. १९५८ मध्ये जन्मलेल्या फ्रॉस्ट यांनी १९८२ ते १९८९ अशी सलग आठ वर्षे ऑल इंग्लंड स्पर्धेत पुरुष एकेरीची अंतिम फेरी गाठली. त्यांपैकी १९८२, १९८४, १९८६ आणि १९८७ या वर्षी त्यांनी विजेतेपद मिळवले, तर उरलेल्या चार वर्षी ते उपविजेते ठरले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली. तोवर ऑल इंग्लंडचा विजेता हाच जगज्जेता समजला जाई, आणि ऐंशीच्या दशकातही खेळाडूंच्या मनातील या स्पर्धेचा मान तसूभरही उणावला नव्हता. अशा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आठ वर्षे एकच नाव असणे, हे माझ्या दृष्टीने एखाद्या सुवर्णपदकापेक्षा अधिक बोलके आहे.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्यांची. चीनला १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघात प्रवेश मिळाला, म्हणजे फ्रॉस्ट ऐन भरात आले तेव्हाच जगातील सर्वांत ताकदवान संघ मैदानात उतरला. १९८२ च्या अंतिम सामन्यात त्यांनी लुआन जिन यांना हरवले. पुढच्याच वर्षी लुआन जिन यांनी त्याची परतफेड केली. १९८५ मध्ये झाओ जियानहुआ आणि १९८९ मध्ये यांग यांग यांच्याकडून ते पराभूत झाले. ज्या एका अंतिम सामन्यात त्यांना चिनी नसलेल्या खेळाडूने हरवले, तो १९८८ चा विजेता त्यांचाच देशबांधव इब फ्रेडरिकसेन होता. जागतिक स्पर्धेतही हेच घडले. १९८५ मध्ये कॅलगरी येथे हान जियान आणि १९८७ मध्ये बीजिंग येथे यांग यांग यांनी त्यांना अंतिम सामन्यात रोखले. हे दोन्ही सामने तिसऱ्या गेमपर्यंत गेले, आणि बीजिंगचा निर्णायक गेम यांग यांग यांनी १५-१२ असा जिंकला. चीनकडे दर एक-दोन वर्षांनी नवा, ताज्या दमाचा खेळाडू तयार असे. जेमतेम पन्नास लाख लोकसंख्येच्या डेन्मार्ककडून त्यांच्यासमोर वर्षानुवर्षे बहुधा फ्रॉस्टच उभे राहत. इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यांना १९८४ मध्ये, मलेशियाच्या मिसबुन सिदेक यांना १९८६ मध्ये आणि १९८३ चे जगज्जेते इकुक सुगियार्तो यांना १९८७ मध्ये हरवून त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली, हेही विसरता येत नाही.

ऑलिंपिकच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. बॅडमिंटन १९८८ मध्ये सोल येथे केवळ प्रदर्शनीय खेळ होता. तो पदकांसाठी खेळला गेला १९९२ मध्ये बार्सिलोना येथे, आणि तोपर्यंत फ्रॉस्ट यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली होती.

प्रश्न : त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य काय होते?

उत्तर : पदलालित्य आणि चिकाटी. फ्रॉस्ट यांचे नाव केवळ जोरकस स्मॅशसाठी घेतले जात नाही. शटलखाली वेळेआधी पोहोचणे, फटका मारून क्षणात कोर्टाच्या मध्यावर परतणे आणि प्रतिस्पर्ध्याला मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पुन्हा पुन्हा धाडून त्याचा दम उखडणे, ही त्यांची रीत होती. त्या काळचे नियम या खेळाला पोषक होते. पुरुष एकेरीचा गेम १५ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. सर्व्हिस नसताना रॅली (शटल खाली पडेपर्यंत चालणारी फटक्यांची देवाणघेवाण) जिंकली, तर हाती येई ती फक्त सर्व्हिस. त्यामुळे गुणफलक न हलता रॅलीमागून रॅली चाले, आणि ज्याची शारीरिक तयारी व संयम अधिक, त्याचे पारडे हळूहळू जड होत जाई. आज प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि गेम २१ गुणांचा असतो. आजच्या प्रेक्षकांना जुने सामने संथ वाटतात, परंतु तो संथपणा नव्हता. ती झीज घडवून आणण्याची योजना होती. १९८० चे ऑल इंग्लंड विजेते प्रकाश पदुकोण हे त्या वर्षांत डेन्मार्कमध्ये राहून सराव करत आणि फ्रॉस्ट यांच्याशी त्यांचा घनिष्ठ स्नेह जुळला. एक मनगटी नजाकतीचा खेळाडू आणि दुसरा अथक पायांचा. एकमेकांना आव्हान देण्यासाठी याहून चांगली जोडी शोधून सापडली नसती.

प्रश्न : प्रशिक्षक म्हणून ते यशस्वी ठरले का? मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही, असे म्हणतात.

उत्तर : डेन्मार्कमध्ये ते निःसंशय यशस्वी ठरले. निवृत्तीनंतर नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली आणि ते प्रशिक्षक असतानाच १९९६ मध्ये अटलांटा येथे पौल-एरिक होयर लार्सन यांनी पुरुष एकेरीचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात चीनच्या डाँग जिआँग यांच्यावर त्यांनी १५-१२, १५-१० अशी मात केली. त्याच वर्षी डेन्मार्कने थॉमस चषक या पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेची अंतिम फेरीही गाठली, जरी तेथे इंडोनेशियाने त्यांचा ५-० असा धुव्वा उडवला. होयर तेव्हा तिशीत होते, आणि या वयाच्या एकेरी खेळाडूकडून अशी कामगिरी होण्यामागे शरीर व मन दीर्घकाळ ताजे राखण्याची शिस्त असावी लागते. फ्रॉस्ट स्वतः त्याच शिस्तीवर आठ वर्षे अग्रभागी राहिले होते, म्हणून हा योगायोग नसावा असे मला वाटते. १९९७ मध्ये ग्लासगो येथे याच पिढीतील पीटर रासमुसेन यांनी चीनच्या सुन जून यांना हरवून जागतिक अजिंक्यपद मिळवले. फ्रॉस्ट यांच्या हातून दोनदा निसटलेला किताब त्यामुळे डेन्मार्कला लाभला.

मलेशियातील अनुभव मात्र संमिश्र होता. तेथे ते एकदा प्रशिक्षक होते आणि २०१५ मध्ये तांत्रिक संचालक म्हणून परतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मलेशियाने बॅडमिंटनमध्ये तीन रौप्यपदके मिळवली. पुरुष एकेरीत ली चाँग वेई, तसेच पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरीत. कोणत्याही संचालकाने समाधान मानावे असा हा निकाल होता. पण मलेशियाला पहिल्या ऑलिंपिक सुवर्णपदकाची आस होती. पुढच्या वर्षी ली चाँग वेई यांनी फ्रॉस्ट यांच्यावर जाहीर टीका केली आणि २०१७ मध्येच ते पदावरून दूर झाले. माझ्या मते हे अपयश प्रशिक्षणाचे नव्हते. डेन्मार्कमध्ये खेळाडू क्लबांत वाढतो आणि प्रशिक्षकाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालतो. मलेशियात महासंघ, प्रसारमाध्यमे आणि एका महान खेळाडूवर खिळलेले सगळ्या देशाचे डोळे, या तिन्हींना एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि हे कौशल्य कोर्टवर शिकता येत नाही.