१९४८ चं दहा रुपयांचं गांधी तिकीट खरं की नकली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की आजोबांच्या अल्बममध्ये दहा रुपयांचं, शिक्का नसलेलं गांधी तिकीट मिळालंय. एक जण म्हणतो लाखोंचं आहे, दुसरा म्हणतो झेरॉक्स आहे. मी बरीच वर्षं भारतीय तिकिटं जमवतो, त्यावरून सांगतो.

आधी लाखोंचं बघू. वर्तमानपत्रांत ज्या किमती येतात त्या याच तिकिटाच्या, पण वर काळ्या इंग्रजी अक्षरांत ‘सर्विस’ छापलेल्या नगांच्या असतात. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी तसे फक्त शंभर संच काढले होते, आणि २०१७ मध्ये त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी पाच लाख पौंडांना गेली. बिनछापाचं साधं तिकीट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी त्याला चांगली किंमत आहे, कारण १९४८ साली दहा रुपये एका तिकिटावर घालणारे लोक थोडे होते. उद्या तुम्हाला कुणी ‘सर्विस’वालं स्वस्तात देऊ लागला तर हात जोडा आणि पुढे चला. साध्या खऱ्या तिकिटावर मागाहून तो शब्द छापणं, ही या धंद्यातली जुनी कला आहे.

आता तुमचं तिकीट. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं निघाली. तेव्हा आपली तिकिटं नाशिकच्या प्रेसमध्ये छापली जायची, पण ही स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए कंपनीने फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने (कोरलेल्या बारीक खळग्यांतली शाई कागदावर उतरवून) छापली. सगळी मेख इथेच आहे. ही छपाई स्वस्तात जमत नाही, म्हणून नकली माल बहुतेक ऑफसेटवर किंवा सरळ कलर प्रिंटरवर काढलेला असतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या (सोनाराकडचं चालतं) आणि उन्हात, खिडकीपाशी बसा. गांधीजींच्या गालावर बघा. खऱ्यात रंग सलग दिसतो. फार निरखलं तर अतिशय बारीक, एकसारखी जाळी जाणवते आणि गडदाकडून फिकटाकडे छटा विरघळत जाते. नकलीत तोच तपकिरी रंग गुलाबी, निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांची खिचडी करून बनवलेला असतो. एकदा ते ठिपके दिसले की पुढचं काही तपासायची गरज नाही. मग ‘बापू’ या अक्षरांकडे या. देवनागरी आणि उर्दू, दोन्हींत आहे. ग्रॅव्ह्युअरमध्ये अक्षरंसुद्धा जाळीतूनच छापली जात असल्याने त्यांची कड किंचित करवतीसारखी असते. प्रिंटरवरच्या अक्षरांभोवती रंगीत धूळ उडालेली दिसते, आणि तिरकं धरलं की टोनर कागदावर चकाकतो.

तिकिटाच्या कडेची छिद्रं मोजायला परफोरेशन गेज नावाची पट्टी मिळते, तिकीटवाल्यांकडे असतेच. दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा यायला हवीत. मोजपट्टीवर मोजलं तरी अंदाज येतो. समोरासमोरच्या बाजू जुळतात का तेही बघा.

वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली फिकट खूण, या तिकिटांना नाही. नाशिकला छापलेल्या त्या काळच्या तिकिटांत ताऱ्यांचा वॉटरमार्क असायचा, म्हणून तुमच्यात तारे दिसले तर शंका घ्या. मात्र वॉटरमार्क बघायला लोक बेंझिनचा थेंब टाकतात, तो या तिकिटावर अजिबात टाकू नका. ग्रॅव्ह्युअरच्या काही शाया त्यात सुटतात. काळ्या कागदावर पालथं ठेवून बघितलं की काम भागतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर त्याखालीही धरा. कागद धुवट पांढरा लख्ख चमकला तर तो बहुधा नंतरचा आहे, कारण कागदात चमक आणणारी रसायनं १९५० नंतर रुळली. नुसतं चमकलं नाही म्हणून खरं, असा निष्कर्ष मात्र काढू नका.

एवढं सगळं पास झालं की लोक निर्धास्त होतात, आणि माझ्या मते खरी फसवणूक इथून पुढे सुरू होते. तिकीट शंभर टक्के अस्सल, पण शिक्का पुसून पाठीला नवा गोंद लावलेला. वापरलेल्या आणि कोऱ्या नगाच्या भावात मोठा फरक असल्यामुळे हा उद्योग परवडतो. शोधायचं छिद्रांच्या दात्यांवर. पान फाडून सुटं केलेल्या तिकिटाच्या दात्यांना मऊ, कोरडे तंतू असतात. गोंद नंतर लावला असेल तर तो दात्यांच्या टोकांवर ओघळून ते कडक झालेले असतात. बोटाचं टोक अलगद फिरवलं की टोचतात. पुसलेला शिक्का तिरक्या उजेडात कधी कधी सावलीसारखा उमटतो. पाठीवर जुन्या हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी तुकड्याची) खूण असेल तर नाराज होऊ नका. किंमत थोडी उतरते, पण गोंद मूळचा असल्याची ती बऱ्यापैकी साक्ष असते. आजोबांच्या काळी सगळे हिंजच लावायचे.

विकायचं असेल तर प्रमाणपत्राशिवाय भाव मिळत नाही. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती ते देते, पण फी आणि टपाल बघता आधी एखाद्या जाणत्या संग्राहकाला प्रत्यक्ष दाखवा. मुंबई जीपीओच्या फिलाटेली ब्युरोत जाऊन विचारू नका, तिथे नवी तिकिटं विकतात, जुन्यांची पारख होत नाही. आणि दुकानदाराचं ‘नकली आहे, शंभर रुपये देतो’ हे ऐकून लगेच देऊन टाकू नका. नकली तिकिटाला शंभर रुपये तो कशाला देईल?

तुम्ही टाकलेला फोटो फक्त पुढच्या बाजूचा आहे आणि धूसर आहे. पाठीचा आणि एका कोपऱ्याचा, दाते स्पष्ट दिसतील असा फोटो टाका. तिकीट हाताने न उचलता चिमट्याने उचला, घामाचे डाग गोंदावर राहतात.