समुद्राचे पाणी शेतात शिरल्यावर किनाऱ्यावरचे भातशेतकरी पुन्हा पीक कसे घेतात?

वादळ, अवकाळी पाऊस आणि समुद्राचे उधाण यांनंतर किनाऱ्यावरचे भातशेतकरी पुन्हा पीक कसे घेतात आणि बियाणे कोणते वापरतात, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नात या तिन्ही आपत्ती एकत्र आल्या आहेत, पण भातशेतीवर त्यांचा होणारा परिणाम सारखा नसतो. वादळात घर आणि बियाणे जाते, पावसात कापलेले पीक जाते, उधाणात मात्र जमीनच जाण्याची वेळ येते. आमची अडीच एकर खारजमीन अलिबाग आणि पेण यांच्या मधल्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठी आहे. म्हणून मी उत्तर तेथूनच देतो आणि बराचसा भर उधाणावर ठेवतो.

आमची शेते भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बाहेरचा बांध असतो, त्याला आम्ही बाहेरकाठे म्हणतो. बांधात ठिकठिकाणी उघाडी, म्हणजे झडपेचे दार, असते. ओहोटीला तिची झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते, तर भरतीला तीच झडप बाहेरच्या दाबाने बंद होते. गोव्यातील खाजण शेतीत, म्हणजे तिथल्या खाडीकाठच्या खारजमिनीत, हेच काम ‘मानस’ नावाचे दार करते. या बांधाला खेकड्यांनी बीळ पाडले, उघाडीची फळी कुजली किंवा अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि जोराचा वारा एकाच वेळी आले, की बांध फुटतो. त्याला आमच्याकडे खांड जाणे म्हणतात.

खांड कोणत्या महिन्यात गेली यावर पुढचे सगळे अवलंबून असते, आणि बाहेरच्या माणसाच्या हे सहसा लक्षात येत नाही. आषाढ-श्रावणात गेली तर उभे पीक बुडते, पण त्या वेळी खाडीचे पाणी पावसामुळे बरेच मचूळ झालेले असते आणि पुढचा पाऊस जमीन धुऊन काढतो. खांड कार्तिकात किंवा उन्हाळ्यात गेली तर आत आलेले पाणी पूर्ण खारट असते, ते शेतातच आटते आणि ढेकळांवर मिठाची पांढरी साय धरते. अशी जमीन मग पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहते.

आमच्या बांधाला सहा-सात वर्षांपूर्वी जुलैत खांड गेली. पहिल्या दिवशी ती बैलगाडी जाईल एवढी होती, आणि चार भरत्या झाल्यावर तिच्यातून होडी आत आली. उधाण चालू असताना त्यात कितीही माती टाकली तरी ती वाहून जाते, म्हणून अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येईपर्यंत थांबावे लागले. त्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. घरटी माणूस लावून, दोन ओळींत बांबू ठोकून, त्यांच्यामध्ये पेंढा आणि चिखल भरत आम्ही ती तीन ओहोट्यांत बुजवली. पूर्वी हे काम जोळ पद्धतीने होत असे, म्हणजे ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे श्रम बांधाला लागत. आता पोकलेन मिळतो, परंतु ओल्या बांधावर तो रुततो आणि त्याच्या भाड्याची वर्गणी जमेपर्यंत पुढचे उधाण येते. शासनाची खारभूमी योजना आहे, 1979 चा त्यासंबंधीचा कायदाही आहे, पण मंजुरी, निविदा आणि काम यांचा क्रम अमावास्या पाहून चालत नाही. आमचे काका त्या वेळी म्हणाले होते, “खांड बुजली तं शेत, नाय तं कांदल.” याचा अर्थ पुढे सांगतो.

खांड बुजल्यावर जमिनीचे मीठ काढण्याचे काम सुरू होते. येथे पावसाळ्यात साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमचे खरे औषध तेच आहे. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी शेतात अडवायचे, चिखलणी करून मीठ त्यात उतरू द्यायचे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे, असे तीन-चार वेळा करावे लागते. पाणी जिभेवर घेऊन पाहिले की अंदाज येतो. कृषी सहायक माती तपासायला नेतात आणि तेही करावेच, पण अहवाल येईपर्यंत लावणीचे दिवस निघून जातात. दुसरी खूण म्हणजे मोरस. ही खारट पाल्याची रानभाजी आमच्याकडे आवडीने खातात, परंतु ती शेतात दाट उगवली तर त्या वर्षी तेथे फारशी आशा ठेवू नये.

भाताचे रोप लहानपणी आणि फुलोऱ्यात मिठाला सर्वांत नाजूक असते. मधल्या काळात ते बरेच सोसते. म्हणून खांड गेलेल्या शेतासाठी राब, म्हणजे रोपांचा वाफा, गावाजवळच्या गोड जमिनीत केला जातो, रोप नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस जून होऊ दिले जाते आणि एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच काड्या लावल्या जातात, कारण त्यांतल्या एक-दोन मरणार हे धरून चालायचे असते. राबच बुडाला असेल तर रहू टाकतात, म्हणजे मोड आलेले बी थेट चिखलावर फेकतात. रहूचे पीक थोडे कमी येते, पण पंधरवडा वाचतो. यापुढची धास्ती भाद्रपदातल्या उघडिपीची असते, कारण पाऊस आठ-दहा दिवस थांबला की खालचे मीठ पुन्हा वर चढते आणि नेमका तेव्हाच फुलोरा असतो.

बियाण्याविषयी तुम्ही वेगळे विचारले आहे. पूर्वी खाऱ्या शेतात राता जातीची भाते होती, काळा राता त्यांतलीच. लाल तांदळाची, उंच वाढणारी ही भाते उत्पादनाला कमी, पण खारे पाणी लागले तरी तगणारी होती. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 या जाती दिल्या आणि आमच्याकडे त्या चालतात. गोव्यात कोरगुट या पारंपरिक भातातून निवड करून गोवा धान-1 आणि 2 या जाती तयार झाल्या. बंगालच्या सुंदरबनात मे 2009 मधील आयला वादळानंतर नव्या जाती उगवेनात, तेव्हा लोक नोना बोकरासारख्या जुन्या भातांचे बी शोधत फिरले. नागपट्टिणमला डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर शेतातला समुद्री गाळ खरवडून काढावा लागला, धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून गाडावे लागले आणि नंतरच्या पावसाने बरेचसे मीठ वाहून नेले. तरीही माझे मत असे आहे की जातीला आपण जरा जास्त श्रेय देतो. खांड उघडी असेल तर दिवसातून दोनदा खारे पाणी येणाऱ्या शेतात पनवेल-3 काय आणि राता काय, काहीच उभे राहत नाही.

वादळाचे नुकसान निराळे असते. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकले तेव्हा शेतात भात नव्हतेच. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची कौले उडाली. आमचे बियाणे कणगीत भिजले. पेरणी आठ-दहा दिवसांवर आली होती आणि टाळेबंदीमुळे तालुक्याला जाणेही अवघड होते. आईने ते भात पडवीत पसरून वाळवले, वरचे, मधले आणि तळाचे असे तीन वाटे केले, प्रत्येकातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि चार दिवसांनी उघडले. वरच्या वाट्यातले 82 दाणे उगवले होते, मधल्यातले 60 आणि तळाच्यातले अवघे 11. तळाचे भात कोंबड्यांना गेले आणि मधल्या वाट्याचे बी दीडपट टाकले. त्या वर्षापासून आमचे बियाणे दोन घरांत आणि झाकणाच्या पिंपात असते.

परतीच्या पावसाची गोष्ट थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान आणि ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस क्यार ही वादळे ऐन कापणीच्या दिवसांत आली आणि कोकणात शेतात पडलेल्या भाताला मोड फुटले. आमच्याकडे त्यावर काढलेला मार्ग असा, की सगळे भात एकाच मुदतीचे लावायचे नाही: उंचवट्याला हळवे (लवकर तयार होणारे), सखल भागात गरवे (उशिरा तयार होणारे), म्हणजे एक सापडले तरी दुसरे वाचते. कापलेले भात बांधावर तीन दिवस वाळत ठेवण्याची जुनी रीतही मोडली आहे. आता सकाळी कापून संध्याकाळी ताडपत्रीखाली आणतात. विम्याचा मात्र विचित्र अनुभव होता. भात हे पाण्यातलेच पीक असे धरून 2018 पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भाताचे पाण्याखाली जाणे स्थानिक आपत्तीतून वगळले होते. ते खरीप 2026 पासून पुन्हा धरणार असे केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केले. तुम्ही स्वतः शेती करत असाल तर ही तरतूद आणि नुकसान कळवण्याची 72 तासांची मुदत लक्षात ठेवा.

आता काकांच्या वाक्याकडे येतो. खांड दोन-तीन वर्षे उघडी राहिली की भरतीबरोबर कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, बी आत येते आणि रुजते. एकदा कांदळ वाढले की ते तोडता येत नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनी कांदळवनाला संरक्षण आहे, मग जमीन खासगी का असेना. ते संरक्षण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण बाहेरकाठ्यापुढे कांदळ असेल तर उधाणाचा मार आधी तेच झेलते. पण बांधाची डागडुजी कोणी वेळेवर केली नाही म्हणून ज्याचे शेत जंगल झाले, त्याला हे समजावणे कठीण आहे. काहींनी शेताच्या कोपऱ्यात तळे खणून जिताडा सोडला आहे आणि एका चांगल्या जिताड्याचे पैसे कधी कधी भाताच्या दोन गोणींना भारी पडतात, मात्र बांध सुटला तर तळ्यातला मासाही खाडीत जातो. आमच्या शेताला लागून चार एकरांचा एक तुकडा आहे, त्याची खांड बुजवायला तीन भावांचे एकमत झाले नाही. सातबाऱ्यावर ती आजही शेतजमीन आहे, आणि पावसाळ्यानंतर आम्ही तेथे चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला जातो.