होर्डिंगवर दिसतं, मग टीव्हीवर का नाही?

गेल्या अंकात मी नवीन मराठी चॅनेल लाँच होताना पडद्यामागे काय काय चालतं ते लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाहीये, पण काही प्रश्न इतके नेमके आहेत की ते बाजूला ठेववत नाहीत.

प्रश्न: ताई, आमच्या एसटी स्टँडबाहेर नवीन चॅनेलचं मोठ्ठं होर्डिंग लागलं, पेपरला पहिल्या पानावर जाहिरात, मोबाईल उघडला की तेच. संध्याकाळी सासूबाई आणि मी टीव्हीसमोर बसलो तर चॅनेल सापडेचना, केबलवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले अजून आलंच नाही. मग एवढी जाहिरात करतात कशाला? (एक गृहिणी, कराड)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं लाँच आठवलं. आम्ही सातारा जिल्ह्यात गाडी घेऊन गावोगाव फिरत होतो, संक्रांतीचे दिवस, एका गावात हळदीकुंकवाचा कार्यक्रम ठेवलेला, नायिकेचा कटआऊट, फोटो काढायला बायकांची ही गर्दी. सगळं झाल्यावर एक आजी पत्रक हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सगळं ब्येस हाय गं, पण नंबर कितीवर लावायचा?" पत्रकावर नंबरच नव्हता! कारण प्रत्येक केबलवर आणि प्रत्येक डीटीएचवर एकाच चॅनेलचा नंबर वेगवेगळा असतो, मग छापणार कुठला, म्हणून ऑफिसात कोणीतरी ती ओळच काढून टाकली होती. त्या रात्री आम्ही साताऱ्यात कोरे स्टिकर छापून घेतले, वर चॅनेलचं नाव आणि खाली रिकामा चौकोन. दुसऱ्या दिवसापासून गावात शिरायच्या आधी तिथल्या केबलवाल्याला गाठायचं, नंबर विचारायचा, मार्करने चौकोनात लिहायचा आणि मगच बायकांना स्टिकर द्यायचे. बायकांनी ते घरी जाऊन रिमोटच्या मागे चिकटवले. मी आजही सांगते, त्या अख्ख्या लाँचमध्ये आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम ते होतं.

आता तुमच्याकडे का आलं नाही ते सांगते. चॅनेल सॅटेलाइटवर चढलं म्हणजे घरात पोचलं असं होत नाही, मधे मोठ्या केबल कंपन्या, डीटीएचवाले आणि शेवटी तुमचे केबलवाले दादा अशी साखळी असते. नवीन चॅनेलला मागणी नसते, त्यामुळे आम्हाला दाखवा म्हणून चॅनेललाच पैसे मोजावे लागतात, त्याला कॅरेज फी म्हणतात. ट्राय या सरकारी नियामक संस्थेने २०१७ च्या नियमांत त्यावर मर्यादा घातली, साध्या म्हणजे एचडी नसलेल्या चॅनेलला एका ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दहा लाख घरं धरली तर महिन्याचे दोन लाख झाले आणि ते फक्त एका कंपनीचे, बाकीच्यांचं गणित वेगळंच. त्यात १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाने स्वतः चॅनेल निवडायची पद्धत आली, म्हणजे नवीन पे चॅनेल पॅकमध्ये नसेल तर तुम्हाला ते वेगळं मागून घ्यावं लागतं, आणि जे कधी बघितलंच नाही ते कोण मागणार? म्हणून बरेच जण सुरुवातीला फ्री येतात, किंवा आपल्याच ग्रुपच्या पॅकमध्ये घुसतात, किंवा दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या लिलावात डीडी फ्री डिशवर जागा घेतात, कारण तिथे डिश एकदा विकत घेतली की महिन्याचा रिचार्ज नाही आणि गावागावात ती छत्री आहेच.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या तालुक्यात चॅनेल दिसत नाही तिथे होर्डिंग लावू नये. तुमच्यासारखी बाई एकदा शोधते, फार तर दोनदा, तिसऱ्यांदा नाही शोधत, आणि मग महिन्याभराने चॅनेल खरंच आलं तरी तिचं मन उडालेलं असतं.

प्रश्न: नवीन चॅनेल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच का येतात? मुहूर्त बघतात का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर: सर, बरोबर पकडलंत. अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, १५ ऑगस्ट १९९९ ला आलं, झी युवा २२ ऑगस्ट २०१६, सोनी मराठी १९ ऑगस्ट २०१८, झी वाजवा १७ ऑक्टोबर २०२० ला म्हणजे बरोबर घटस्थापनेला, सन मराठी १७ ऑक्टोबर २०२१ ला दसरा होऊन दोन दिवसांनी. मुहूर्त असतोच, पण खरं कारण पैशाचं आहे. गणपती ते दिवाळी या काळात सोनं, साड्या, टीव्ही-फ्रीज, मसाले, तेल सगळ्यांचं जाहिरातीचं बजेट सुटतं, तेव्हा चॅनेल चालू असलं पाहिजे आणि लोकांच्या तोंडी असलं पाहिजे. शिवाय मंडपात, आरतीला, दांडियाला माणसं आपसूक एकत्र येतात, त्यांना वेगळं गोळा करावं लागत नाही.

अर्थात सगळे तसे नाहीत, ईटीव्ही मराठी २००० च्या जुलैत आलं आणि चांगलं रुजलं, पुढे २०१५ मध्ये त्याचं नाव कलर्स मराठी झालं. आणि तारीख कितीही विचार करून काढा, सगळं आपल्या हातात नसतं. स्टार प्रवाह २४ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालं आणि दोनच दिवसांनी २६/११ चा हल्ला झाला. अख्खा महाराष्ट्र बातम्यांसमोर बसलेला, कोणाला नवीन मालिका सुचणार होत्या. तेच चॅनेल पुढे बारा-तेरा वर्षांनी मराठीत एक नंबरला पोचलं. म्हणून पहिल्या आठवड्याचे आकडे बघून जे हात-पाय गाळतात त्यांना मी हे नेहमी सांगते.

प्रश्न: मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात टीव्ही कोणीच बघत नाही, सगळं यूट्यूब आणि रील्स. मग कोट्यवधी घालून टीव्ही चॅनेल काढायचंच कशाला, आणि काढलं तर सगळं यूट्यूबवर फुकट टाकलं की टीव्ही कोण बघेल? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तुझ्या वर्गात कोणी बघत नाही हे खरं, पण तुझ्या घरी संध्याकाळी सात ते दहा टीव्ही बंद असतो का गं? मराठीत जाहिरातीचा मोठा पैसा अजून तिथेच आहे, तो दहा-दहा सेकंदांच्या हिशोबाने विकला जातो, आणि नियमाने तासाला १२ मिनिटंच जाहिराती दाखवता येतात, त्यातली २ स्वतःच्या प्रोमोला. म्हणजे माल मोजका, त्यामुळे प्राइम टाइमला भाव.

पण तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्यावर मीटिंगांमध्ये खूप भांडणं होतात. माझा अनुभव असा की एकच प्रोमो सगळीकडे चिकटवणं ही सगळ्यात मोठी चूक. टीव्हीच्या तीस सेकंदांच्या प्रोमोत शेवटी वार, वेळ, चॅनेलचं नाव येतं, पण मोबाईलवर माणूस तिसऱ्या सेकंदाला पुढे सरकतो, त्याच्यासाठी आधी प्रसंग हवा, सासूने दार लावून घेतलं ते दार आधी दिसलं पाहिजे, आणि आवाज बंद ठेवूनही कळेल अशी अक्षरं खाली हवीत. व्हॉट्सअॅपवर गावच्या ग्रुपात जातो तो वेगळाच, तिथे कलाकाराने त्या गावाचं नाव घेऊन केलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ धावतो. कलाकारांनी स्वतःच्या अकाउंटवर शूटिंगच्या डब्याचा, मेकअप रूमचा फोटो टाकला तर आमच्या पोस्टपेक्षा तो जास्त फिरतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आणि फुकट टाकायचं म्हणशील तर मालिका आणि विनोदी कार्यक्रम यांना एक नियम लावू नये. महाराष्ट्राची हास्यजत्रा सोनी मराठीसोबतच २०१८ मध्ये सुरू झाली, तिची स्किट्स सुटी सुटी बघता येतात, म्हणून यूट्यूबवर ती चॅनेलच्या पुढे धावली, ज्यांना सोनी मराठीचा नंबर माहीत नाही त्यांना पण हास्यजत्रा माहितीये. मालिकेचं तसं नाही, अख्खा भाग मिळाला तर बाई सोमवारी साडेआठला टीव्ही लावणारच नाही, म्हणून तिथे तुकडा द्यावा आणि पूर्ण भाग अॅपवर ठेवावा. यूट्यूबवर बघितलेलं टीआरपीत धरत नाहीत हे पण लक्षात ठेव, नाहीतर व्ह्यूज लाखात आणि जाहिरातदार दारात नाही अशी गत होते.

प्रश्न: आमच्याकडे टीआरपी विचारायला कधी कोणी आलं नाही, मग मोजतात कसा? (वाचक, अकोला)

उत्तर: विचारायला कोणी येत नाही, काही निवडक घरांत बार्क या प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचं मीटर बसवलेलं असतं, देशभरात मिळून पन्नास हजारांहून जास्त. चॅनेलच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं, आणि घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं असतं. यातली एक गोष्ट मला खटकते, सेट टॉप बॉक्स चालू केला की काही ठिकाणी आपोआप एक ठरलेलं चॅनेल लागतं, ती जागा चॅनेल पैसे देऊन घेतात. माणूस रिमोट शोधेपर्यंत ते चालू राहतं. ते बघणं टीआरपीत धरायचं का, यावरून अनेक वर्षं वाद चाललाय. नवीन चॅनेलला तो पैसा कथेवर आणि लेखकांवर लावा असं मी प्रत्येक ठिकाणी सांगितलंय, काही ठिकाणी ऐकलं, काही ठिकाणी नाही.

प्रश्न: आम्ही बेळगावचे, घरात फक्त मराठी मालिका. पण चॅनेलचे कार्यक्रम, स्पर्धा, कलाकारांच्या भेटी सगळं पुणे, नाशिक, कोल्हापूरपर्यंत. आम्ही मोजत नाही का? (एक कुटुंब, बेळगाव)

उत्तर: हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खरं तेच सांगते. मराठी चॅनेलच्या जाहिराती 'महाराष्ट्र-गोवा' या बाजाराच्या आकड्यांवर विकल्या जातात, तुमचं घर कर्नाटकात मोजलं जातं, इंदूर-बडोद्याच्या मराठी घरांचंही तसंच. म्हणून मार्केटिंगची गाडी कोल्हापूरहून परत फिरते. पण अॅपवर आणि यूट्यूबवर मात्र कुठल्या शहरात किती बघतात ते आम्हाला स्वच्छ दिसतं, तिथे बेळगावचं नाव दिसायला लागलं की कलाकारांचा दौरा मागायला हातात काहीतरी येतं. तुमच्या केबलवर कुठलं मराठी चॅनेल मिळत नाही आणि कुठलं पॅकबाहेर आहे ते मला नावानिशी लिहून पाठवा, मी ती यादी संबंधित चॅनेलच्या वितरण विभागात पाठवते आणि काय उत्तर येतं ते पुढच्या अंकात छापते.