सात किल्ले, दहा दिवस आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : ताई, जूनमध्ये आम्ही म्युनिकला दिराकडे जातोय, तिथून गाडी भाड्याने घेऊन दहा दिवस फिरायचंय. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची, सासू-सासरे. ह्यांनी एक्सेल शीट केलीये, त्यात चार देश, सात किल्ले आणि रोज नवं हॉटेल! मुलाला किल्ल्यांचं वेड, मुलीला कसारा घाटातसुद्धा उलट्या होतात, सासूबाईंचे गुडघे गेलेत. काय ठेवू, काय काढू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, ती शीट आधी बंद करायला सांगा, प्रेमानेच सांगा, मेहनत घेतलीये त्यांनी. पण दोनच देश ठेवा, जर्मनी आणि ऑस्ट्रिया, आणि मुक्कामही दोनच, चार रात्री जर्मनीतल्या फ्यूसनजवळ (नॉयश्वानस्टाइन किल्ला तिथंच), बाकीच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या दक्षिणेला. रोज बॅगा भरा, रोज नव्या किचनमध्ये चहाचं भांडं शोधा, ह्यातच सुट्टी संपते. आणि गाडी नऊ सीटरच घ्या, सात सीटरमध्ये सहा जण बसले की डिकीत जेमतेम दोन बॅगा राहतात.

आता नॉयश्वानस्टाइन. तो सगळ्यांना बघायचाच असतो, बघा, पण मुलाला आधीच सांगून ठेवा की हा आपल्यासारखा किल्ला नाही, तोफा नाहीत, लढाई नाही. पायाभरणी १८६९ ची, म्हणजे इंग्रजांनी आपले गड पाडून पन्नास वर्षं झाली होती तेव्हा! बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग ह्याने स्वप्नातला मध्ययुग उभा केला, त्यापायी कर्जात बुडाला, १८८६ मध्ये त्याला राज्य करायला नालायक ठरवलं आणि काहीच दिवसांत तलावात त्याचा मृतदेह सापडला. सिंहासनाचा भव्य हॉल आहे, सिंहासन मात्र कधी बसलंच नाही. आणि ज्याला कुणी आत यायला नको होतं त्याचा वाडा, तो गेल्यावर सात आठवड्यांत तिकीट लावून उघडला. मला ती गोष्ट वाड्यापेक्षा जास्त आवडते.

तिकीट ऑनलाइन आधी काढा, त्यावर वेळ असते आणि ती चुकली की तिकीट गेलं. आत साधारण अर्धा तास गाइडबरोबर, फोटो काढायला बंदी, आणि चढउतार मिळून साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. खालच्या गावातून वर चालत ३०-४० मिनिटं, घोडागाडी आहे पण तीही दारापर्यंत जात नाही, पुढचा चढ पायीच. म्हणून सासूबाईंना खाली तळ्याकाठी बसवा, सासऱ्यांना सोबत आणि हातात आइस्क्रीम द्या, खरंच सांगते, त्यांना तेच लक्षात राहील. तुम्ही मारियनब्रुकेवर जाऊन या, दरीवरचा पूल आहे, सगळे फोटो तिथूनच काढतात.

मुलासाठी खरे किल्ले साल्झबुर्गच्या बाजूला. होहेनसाल्झबुर्ग आणि होहेनवेर्फेन दोन्ही १०७७ चे, पोप आणि सम्राटाच्या भांडणात आर्चबिशपने बांधायला घेतलेले. पहिल्याला १८९२ पासून फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, आहे, दुसऱ्यालाही वर जायला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेवाल्यांची सोय होते, आणि वेर्फेनला ससाणे-गरुड उडवून दाखवतात, डोक्यावरून सूऽऽ करून जातात, मुलगा खूश. झाले तीन किल्ले, पुरे.

उरलेल्यातला एक अख्खा दिवस ग्रोसग्लॉकनरच्या घाटाला द्या, ह्यात काटकसर नको. ४८ किलोमीटर, ३६ नागमोडी वळणं, १९३५ मध्ये सुरू झालेला रस्ता, २५०० मीटरपर्यंत चढतो, आणि समोर ३७९८ मीटरचं ऑस्ट्रियातलं सगळ्यात उंच शिखर. प्रत्येक वळणाला नंबर आणि उंचीची पाटी आहे, मुलीला पाट्या वाचायचं काम द्या, नजर बाहेर राहिली की मळमळ कमी होते (मोबाइल अजिबात नको, पोटात थोडी सुकी बिस्किटं). दर पाच-सहा वळणांनी थांबा, नाहीतर ती तुम्हाला थांबवेलच. वर हिमनदीसमोर मारमोट दिसतात, गुबगुबीत खारीसारखे, त्यांना पोळी-बिस्किट घालू नका. जूनमध्येही वर बर्फ असतो, स्वेटर डिकीत नाही, हाताशी ठेवा. आणि उतरताना ह्यांना म्हणावं गियर खालचा, सारखा ब्रेक दाबत बसायचं नाही, आपल्या घाटातलाच नियम.

प्रश्न : आमचंही तसंच ठरतंय. लायसन्स, टोल वगैरेचं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, पण मूळ लायसन्सही बरोबर हवं. गाडी घेतानाच ऑस्ट्रियात नेणार हे सांगा. जर्मनीत कारला टोल नाही, ऑस्ट्रियाच्या मोटरवेला विन्येट (ठरावीक दिवसांचा टोल पास) लागतं, १० दिवसांचं मिळतं, डिजिटल घेतलं तर ते नंबरप्लेटवर निघतं, त्यामुळे गाडीचा नंबर कळेपर्यंत घाई करू नका. ग्रोसग्लॉकनरचा टोल वेगळा आणि चांगलाच महाग. मूल बारा वर्षांच्या आतलं आणि दीड मीटरपेक्षा बुटकं असेल तर जर्मनीत चाइल्ड सीट सक्तीची, मांडीवर बसवणं विसरा.

आणि रविवारी दोन्हीकडे बहुतेक सगळी दुकानं बंद असतात. आम्ही गेलो तेव्हा शनिवारी धबधबा बघत बसलो नि दूध राहिलं, मग रविवारी सकाळी सहा जणांनी काळा चहा प्यायला आणि सासरे दिवसभर बोलले नाहीत.