संपली काहून म्हटलंस?

*ताई, आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, वायगावच्या जवळ. घरची हळद दळून स्वतःच्या नावानं विकायची असं दोन वर्षांपासून मनात आहे. पण लेबलाचा रंग मनासारखा येत नाही, पुडीचं सील वाकडं बसतं. जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, शिक्क्याशिवाय लोक हसतील असं वाटतं. मागच्या उन्हाळ्यात दळलेली हळद फोटोसाठी काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत ठेवलीय. सासूबाई रोज विचारतात, त्याचा ताण येतो. हिंगणघाटच्या एका काकूंनी नमुन्याची पाव किलो नेली होती. त्यांचा परत फोन आला, पण पुड्या तयार नव्हत्या म्हणून संपली असं सांगितलं. आत्मविश्वास कसा वाढवू?*
*– वर्धा जिल्ह्यातली एक सून*

संपली काहून म्हटलंस व माय? बरण्या भरलेल्या, काकू पैसे द्यायला तयार, आणि तू चक्क खोटं बोललीस. अख्ख्या पत्रात हीच एक गोष्ट कामाची, अन् तीच तू घाईत उरकलीस. काकूंनी सील विचारलं होतं का? त्यांनी हळद वरणात घालून पाहिली आणि पुन्हा मागितली. आणखी कोणाकडून पास व्हायचंय तुला?

सासूबाईंचा ताण येतो म्हणे! पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली हळद थंडी सरता सरता खणायची, उकडायची, अंगणात वाळवायची, ढग दिसला की धावत जाऊन झाकायची. हे कोण करतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. ती बाई विचारणारच.

त्या बरण्या आधी खिडकीतून काढ. हळदीचा रंग उजेडानं उडतो आणि दळून ठेवली की वासही उतरत जातो. काचेला चिकटलेली चिमूटभर आणि मधली चिमूटभर पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघ. तू लेबलाचा पिवळा रंग जुळवत बसलीस आणि आतला पिवळा गेला. ती हळद आता घरीच वापर. विकायला हळकुंडं लागतील तशी थोडी थोडी दळून आण.

जीआय वायगावच्या हळदीला २०१६ सालीच मिळालं, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. अर्ज करून ठेव, तोवर पुडीवर तुझ्याच गावाचं नाव असू दे. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र याच आठवड्यात कर. ती ऑनलाइन होते आणि विकण्याआधी हवीच.

आत्मविश्वासाचं नंतर बघू. हे वाचून झालं की काकूंना फोन लाव. "ताजी दळतेय, एक किलो पाठवू की दोन?" एवढंच विचार. आणि भाव फोनवरच सांगून टाक, नाहीतर ओळखीत फुकट जाईल.